दुकान, ऑनलाईन बाजार आणि दारापर्यंतची शेवटची वाट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, ज्याला जुनी माणसे अजूनही 'सहा नंबरचा हायवे' म्हणतात आणि ज्याचा क्रमांक आता ५३ झाला आहे, त्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी वसले आहे. या रस्त्याने पूर्वी सरकीच्या, कापसाच्या आणि किराण्याच्या गाड्या जात. त्या आजही जातात. मात्र त्यांच्या जोडीला पाठीवर भली मोठी पिशवी बांधलेला पार्सलवाला तरुण दुचाकीवरून गावात येतो, फोन लावतो, घर विचारतो आणि पुष्कळदा ते घर दाखवतो तो गावातला दुकानदारच. ज्या गिऱ्हाइकाने ती वस्तू त्याच्याकडून घेतली नाही, त्याच गिऱ्हाइकाच्या घराची वाट दुकानदाराने दाखवावी, हा प्रसंग विनोदी वाटतो. पण ज्याच्या संसाराचा गाडा त्या गल्ल्यावर चालतो त्याला त्यात हसण्यासारखे फारसे काही दिसत नाही.

या सभागृहातील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ दोन-तीन पिढ्यांपासून दुकानावर चालत आला आहे. किराणा, कापड, भांडी, सराफी, बी-बियाणे असे व्यवसाय निरनिराळे असले तरी चिंता एकच आहे. ऑनलाईन बाजार आला, आता दुकानाचे दिवस भरले, असे सर्रास बोलले जाते. हे म्हणणे खरे असते तर जगातील सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांनी आपली दुकाने विकून टाकायला हवी होती. प्रत्यक्षात घडले ते उलट. ऑनलाईन बाजाराशी झुंजण्यासाठी त्यांनी आपल्या दुकानांचाच शस्त्र म्हणून उपयोग केला. तो कसा केला, त्यात कोण तरले आणि कोण बुडाले, हे समजून घेणे हाच आजचा विषय आहे.

घरबसल्या माल मागवणे ही गोष्ट वाटते तेवढी नवी नाही. आपल्या टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केले. पोस्टमन वस्तू घेऊन दारी येई, पैसे घेई आणि ते विक्रेत्याकडे पोहोचवी. 'व्ही. पी. ने मागवले' हा शब्दप्रयोग वऱ्हाडातील घराघरांत रूढ होता. पुस्तके, औषधे, घड्याळे अशीच येत. आज ज्याला 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतात तिचे हे पूर्वरूप होय. अमेरिकेत हाच व्यवसाय सिअर्स नावाच्या पेढीने एवढा वाढवला की, तिची जाडजूड सूचीपुस्तिका खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या घरी असे. या पेढीने १९२५ साली आपले पहिले दुकान उघडले आणि पुढे दुकानांच्या विस्तारात तिने सूचीपुस्तिकेकडे जुनाट गोष्ट म्हणून पाहिले. १९९३ साली ती मोठी पुस्तिका तिने बंद केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, अ‍ॅमेझॉन या कंपनीची स्थापना झाली. घरबसल्या खरेदीचा शंभर वर्षांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता त्यांनी तो नेमका चुकीच्या वर्षी टाकून दिला. सिअर्सने २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला.

पहिल्या काळात मोठ्या दुकानदारांनी केलेली चूक याहून वेगळी नव्हती. ऑनलाईन विक्री ही आपल्या दुकानाशी संबंध नसलेली, कुणीतरी संगणकवाल्यांनी करायची गोष्ट आहे, असे ते समजत. बॉर्डर्स या पुस्तकविक्रीच्या मोठ्या साखळीने २००१ साली आपली ऑनलाईन विक्री सरळ अ‍ॅमेझॉनच्याच हवाली केली. स्वतःच्या गिऱ्हाइकाचा हात प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिल्यासारखेच ते होते. सात वर्षांनी तिने तो कारभार परत घेतला, पण २०११ मध्ये तिची सर्व दुकाने बंद झाली. खेळण्यांच्या टॉइज आर अस या साखळीनेही २००० साली अ‍ॅमेझॉनशी असाच करार केला, नंतर कोर्टकज्जे केले आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. वॉलमार्टसारख्या जगातील सर्वांत मोठ्या किरकोळ विक्रेत्यानेदेखील २००० साली संकेतस्थळासाठी वेगळी कंपनी काढून तिचे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात थाटले होते. दुकाने एकीकडे आणि संकेतस्थळ दुसरीकडे! वर्षा-दीड वर्षातच ती कंपनी वॉलमार्टने पुन्हा पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतली.

मग दुकानाचे मोल कळले ते कशामुळे? ते हिशेबामुळे कळले. ऑनलाईन विक्रीत वस्तू विकणे सोपे असते. महाग पडते ते तिला शेवटच्या दारापर्यंत नेणे. समजा, भिवंडीच्या गोदामातून शंभर वस्तू विदर्भाकडे निघाल्या. एका ट्रकमध्ये त्या एकत्र येतात तोवर प्रत्येक नगावर पडणारे भाडे किरकोळ असते. मात्र नांदुऱ्याहून एक नग वडनेरला, दुसरा आडवाटेच्या वस्तीवर, तिसरा आणखी कुठे, असे न्यायचे म्हटले की पेट्रोल, माणसाचा दिवस, घर न सापडणे, गिऱ्हाईक शेतात गेलेले असणे आणि 'उद्या या' म्हणणे, हे सारे एकेका नगावर बसते. त्यातून ती वस्तू दोनशे रुपयांची असेल तर नफ्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय माप न बसलेला सदरा परत आला, तर हीच वाट उलट्या दिशेने पुन्हा चालावी लागते. शेकडो कोसांचा प्रवास स्वस्त आणि शेवटचे चार कोस महाग, असा हा उलटा न्याय आहे.

ज्याचे दुकान गिऱ्हाइकाच्या घराजवळ आहे, त्याच्यापाशी त्या चार कोसांचे उत्तर असते. अमेरिकेत वॉलमार्टची सुमारे साडेचार हजारांवर दुकाने आहेत आणि तेथील सुमारे नव्वद टक्के लोक तिच्या कुठल्या ना कुठल्या दुकानापासून दहा मैलांच्या, म्हणजे सोळा किलोमीटरच्या आत राहतात. एवढी दुकाने म्हणजे ओझे, असे एके काळी म्हटले जाई. नंतर ध्यानात आले की, एवढी गोदामे गिऱ्हाइकाच्या एवढ्या निकट नव्याने बांधणे कोणालाही परवडणारे नाही. मग दुकानातील नोकर फळीवरूनच माल काढून ऑनलाईन मागणी भरू लागले. गिऱ्हाईक घरून मागणी नोंदवते, मोटार घेऊन दुकानाच्या दाराशी येते आणि नोकर पिशव्या गाडीत ठेवतो. शेवटचे चार कोस गिऱ्हाईक स्वतःच्या इंधनावर पार करते आणि तरीही त्याला आपली सोय झाली असे वाटते. टार्गेट या दुसऱ्या साखळीत तर ऑनलाईन धरून एकंदर विक्रीपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक माल दुकानांतूनच पुरवला जातो.

यात आणखी काही लाभ दडलेले असतात. परत करायची वस्तू गिऱ्हाईक स्वतः दुकानात आणून देते. परतीचे भाडे वाचते आणि आलेले माणूस बहुधा रिकाम्या हाताने जात नाही. एका गावात न खपलेला माल तेथेच अर्ध्या किमतीत काढण्याऐवजी दुसऱ्या गावच्या ऑनलाईन मागणीसाठी पूर्ण किमतीत पाठवता येतो. कापडाच्या व्यापाऱ्याला हंगाम संपल्यावर उरलेल्या गठ्ठ्यांचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. इकडे अ‍ॅमेझॉनलाही दुकानांची गरज भासलीच. तिने २०१७ साली होल फूड्स ही वाणसामानाची दुकानसाखळी १३.७ अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. ज्याने दुकानाला कालबाह्य ठरवले, तोच दुकानाच्या दारी आला.

तथापि हे चित्र जेवढे गोड वाटते तेवढे नाही, हेही सांगितले पाहिजे. दुकानातून ऑनलाईन मागणी भरायची तर कोणत्या फळीवर कोणता माल किती शिल्लक आहे, हे त्या क्षणी नेमके ठाऊक असावे लागते. संगणक म्हणतो 'तीन नग आहेत'. प्रत्यक्षात एक फुटलेला, एक कुणाच्या तरी टोपलीत आणि तिसरा भलत्याच फळीवर. मागणी घेऊन नंतर 'माल नाही' असे कळवणे हे मुळीच मागणी न घेण्यापेक्षा वाईट असते. शिवाय नोकर माल वेचण्यात गुंतला की समोर उभ्या गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष होते. म्हणूनच वॉलमार्टची ऑनलाईन शाखा नफ्यात आल्याचे तिला प्रथमच जाहीर करता आले ते एप्रिल २०२५ अखेर संपलेल्या तिमाहीत. जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानदारालाही या कामी पाव शतक लागले.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे या स्पर्धेला कायद्याने एक निराळे वळण दिले. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाईन बाजाराने केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून द्यावी, स्वतः माल साठवून विकू नये, असे आपले धोरण आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून त्याचे नियम अधिक कडक झाले. बहुविध वस्तूंच्या दुकानांत परदेशी भांडवलाला २०१२ साली ५१ टक्क्यांपर्यंत वाट मिळाली, पण तीही राज्य सरकारची संमती आणि अनेक अटी यांच्या चौकटीत. याचा व्यावहारिक अर्थ असा की, स्वतःची दुकाने, स्वतःचा माल आणि स्वतःचे संकेतस्थळ या तिन्ही गोष्टी एकत्र बाळगण्याची मुभा प्रामुख्याने देशी साखळ्यांनाच राहिली.

किशोर बियाणी यांच्या बिग बझारवरून जे महाभारत घडले, त्याचे मूळ येथे आहे. २००१ साली सुरू झालेल्या या साखळीने मध्यमवर्गाला मोठ्या दुकानात शिरायची सवय लावली. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने फ्युचर समूहाच्या एका कंपनीत भांडवल गुंतवले. पुढच्या वर्षी टाळेबंदीने दुकाने बंद पडली, कर्ज डोईजड झाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला विकण्याचे ठरले. अ‍ॅमेझॉनने हरकत घेतली. सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले चालले. दरम्यान भाडे थकलेल्या अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्या नावे करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने त्या दुकानांचा ताबा घेण्यास सुरुवात केली. एप्रिलमध्ये मूळ सौदा रद्द झाला आणि जुलैमध्ये फ्युचर रिटेलवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. जगातील आणि देशातील दोन बलाढ्य उद्योग एवढ्या हट्टाने भांडले ते कशासाठी? कुठल्या संकेतस्थळासाठी नव्हे. शहरोशहरी, वस्तीच्या मध्यभागी असलेल्या दुकानांच्या जागांसाठी. परंतु त्या जागा ज्याने उभ्या केल्या होत्या तो मात्र कर्जापायी बुडाला, हे व्यापारी माणसाने डोळ्यांआड करू नये.

याच्या नेमकी उलट रीत राधाकिशन दमाणी यांच्या डी-मार्टची. पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवई येथे निघाले. जागा शक्यतो विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून भाव कमी करून घ्यायचा आणि तो गिऱ्हाइकाला द्यायचा. दिखाऊपणावर खर्च नाही. हे कोणत्याही जुन्या पेढीतील मुनीमजींना सहज पटावे असे तत्त्व आहे. २०२५ च्या मार्चअखेर या साखळीची ४१५ दुकाने झाली होती. ऑनलाईन विक्रीत ती फार सावधपणे उतरली. २०१६-१७ या वर्षात मुंबई परिसरात 'डी-मार्ट रेडी' सुरू झाले तेव्हा त्याचा गाभा होता ठिकठिकाणची छोटी केंद्रे. मागणी घरून नोंदवायची, माल केंद्रावरून स्वतः न्यायचा. घरपोच हवा तर त्याचा आकार वेगळा. शेवटच्या वाटेचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो, हे तेथे लपवले नव्हते. पुढे लोकांचा ओढा घरपोच सेवेकडेच राहिला, या शाखेला वर्षानुवर्षे तोटा सोसावा लागला आणि २०२५ मध्ये बेळगावसह पाच शहरांतून तिने काम आवरते घेतले. जेथे परवडत नाही तेथून मुकाट्याने मागे फिरणे, हाही हिशेबीपणाच होय.

रिलायन्सने दुसरा मार्ग धरला. तिच्या सर्व प्रकारच्या दुकानांची संख्या मार्च २०२५ अखेर १९ हजारांवर गेली होती. जिओमार्टची चाचणी २०१९ च्या अखेरीस नवी मुंबई, ठाणे, कल्याण भागात झाली आणि मे २०२० मध्ये ती सुमारे दोनशे शहरांत पोहोचली. दहा मिनिटांत माल देणाऱ्या नव्या कंपन्या वस्त्यावस्त्यांत गिऱ्हाईक न शिरणारी बंद गोदामे उघडू लागल्या, तेव्हा रिलायन्सने २०२४ पासून आपल्या चालू दुकानांतूनच झटपट माल पोहोचवायला आरंभ केला. वडनेरच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या मोठ्या कंपन्यांना गावचा किराणा दुकानदार प्रतिस्पर्धी म्हणून जेवढा दिसतो, तेवढाच गिऱ्हाईक म्हणूनही दिसतो. रिलायन्सने २०२३ मध्ये मेट्रो या घाऊक साखळीचा भारतातील व्यवसाय ताब्यात घेतला. वॉलमार्टची 'बेस्ट प्राइस' ही घाऊक दुकाने, जी आपल्या अमरावतीतही होती, २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे गेली. वाणसामान पुरवणाऱ्या या नव्या घाऊकवाल्यांना कंपन्या आपल्या जुन्या वितरकांपेक्षा स्वस्त भाव देतात, अशी तक्रार घेऊन २०२१ च्या अखेरीस वितरकांची संघटना उभी राहिली आणि १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातील वितरकांनी एका नामांकित कंपनीच्या काही मालाचा पुरवठा रोखून धरला. वितरक बुडाला तर दुकानदाराला तूर्त स्वस्त माल मिळेल. पण तो वितरक आजवर पंधरा दिवसांची उधारी देत आला, खराब माल बदलून देत आला आणि दिवाळीच्या तोंडावर एक शब्दावर पेट्या पाठवत आला. हे सारे नवा घाऊकवाला करील की नाही, याचा विचार स्वस्त भावाच्या भरात राहून जातो.

पुण्याच्या फर्स्टक्रायचा दाखला येथे उपयोगी पडेल. लहान मुलांच्या वस्तू विकणारी ही कंपनी २०१० साली निव्वळ ऑनलाईन निघाली. पण पहिल्या बाळाचे कपडे घेताना आजीला कापड हाताला लावून पाहायचे असते. कंपनीने लवकरच दुकाने उघडायला घेतली आणि त्यांतील पुष्कळशी स्थानिक व्यापाऱ्यांच्या भागीदारीत, लहान शहरांतही. ज्याच्याकडे मोक्याची जागा आणि गावची ओळख आहे त्याने दुकान चालवावे, माल आणि नाव कंपनीचे. जाता जाता हेही नमूद करावेसे वाटते की, १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत संगणकाशिवायच हे काम करत आली होती. शेजारपाजारची कुटुंबे एक संघ करत, महिन्याची यादी कागदावर भरून देत, संघाचा सर्व माल एका घरी उतरे आणि तेथून वाटला जाई. शेवटच्या वाटेचा खर्च वाचवण्याची युक्ती महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकावी लागली नाही.

आता प्रश्न वडनेरच्या दुकानाचा. ज्या जागेसाठी मोठमोठे उद्योग कोर्टात गेले, ती गिऱ्हाइकाच्या घराजवळची जागा येथील दुकानदाराकडे वाडवडिलांपासून आहे. ती बहुधा स्वतःच्या मालकीची आहे. कापूस, तूर, सोयाबीन विकून पैसा हाती येईपर्यंत उधारी देणारी ओळख आहे. वस्तू बदलून देण्यासाठी पावती मागावी लागत नाही. टाळेबंदीच्या काळात फोनवर याद्या घेऊन याच दुकानांनी घरोघर माल पोहोचवला. मग कमी काय आहे? कमी आहे ती शिल्लक मालाची नोंद. येणे-देण्याची वही आमच्या पेढ्यांत पैशा-पैशापर्यंत चोख असते. फळीवरच्या मालाची नोंद मात्र मालकाच्या डोक्यात असते. तो मलकापूरला लग्नाला गेला की ती नोंदही त्याच्याबरोबर लग्नाला जाते. गिऱ्हाइकाला घरी बसून 'हे तुमच्याकडे आहे का' एवढेच जाणून घ्यायचे असते आणि त्याचे उत्तर दुकान देऊ शकत नाही, म्हणून ते मोबाईलवर दुसरीकडे पाहते. मोठ्या साखळ्यांनी ऑनलाईन विक्रीच्या कितीतरी आधी नगावार नोंद बसवली होती. संकेतस्थळ तिच्यावर नंतर चढले.

दुसरी एक गोष्ट सावधपणे करावी लागेल. अ‍ॅमेझॉनने २०१५ पासून आणि फ्लिपकार्टने २०१९ पासून किराणा दुकानदारांना आपली पार्सले ठेवण्याच्या आणि पोहोचवण्याच्या कामी घेतले. दर पार्सलामागे ठरावीक रक्कम मिळते. दुपारच्या रिकाम्या वेळात ही कमाई वाईट नाही आणि पार्सल न्यायला आलेले माणूस साबण-चहाही घेते. मात्र बॉर्डर्सने जे केले ते आठवून पाहावे. पार्सलाच्या वरच्या मजकुराकडे लक्ष देणाऱ्या दुकानदाराला आपल्या गावात काय मागवले जाते, हे कोणत्याही पाहणीपेक्षा अधिक चांगले कळते. कोणत्या मापाचे जोडे, कोणत्या कंपनीचा मिक्सर, कोणते औषधी तेल. जो केवळ पार्सले उचलून देतो त्याच्याकडे ठरावीक रक्कम येते आणि माहिती कंपनीकडे जाते.

नगावार नोंदीला फार मोठे भांडवल लागत नाही. पट्टीचे चिन्ह वाचणारे साधे यंत्र आणि एक संगणक पुरतो. सुरुवातीला अधिक खपाच्या दोन-तीनशे वस्तूंपुरतीच नोंद ठेवली तरी चालते. खरी अडचण माणसाची आहे. रोज रात्री गल्ला मोजून झाल्यावर अर्धा तास ती नोंद जुळवावी लागते आणि ज्या मुला-मुलींना हे काम सहज जमेल ती शिक्षणासाठी पुण्याला, नागपूरला आहेत. त्यांतील काहींनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या दुकानाची पहिली मोजणी करून द्यावी, असे युवक मंडळाच्या काही सभासदांत बोलले जात आहे. कपाशीचा पैसा गावात यायला लागतो तोही तेव्हाच.